खाणीला ‘नाही’ म्हणायचं, तर ते कुठल्या कागदावर?

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ३४८ हेक्टरांचा लोहखनिजाचा खाणपट्टा २००७मध्ये मंजूर झाला. खोदाई सुरू व्हायला २०१६ उजाडलं. २०२३मध्ये वर्षाला ३० लाख टनांऐवजी १ कोटी टन खनिज काढायला परवानगी मिळाली. २०२५मध्ये हीच खाण चालवणाऱ्या कंपनीच्या खनिज प्रक्रिया प्रकल्पासाठी आणखी ९०० हेक्टरांहून अधिक वनजमिनीला तत्त्वतः मंजुरी दिली गेली, आणि त्यात एक लाखाहून जास्त झाडं जाणार आहेत. दर वेळी पेपरात दोन बातम्या शेजारी शेजारी येतात. एक म्हणते मंजुरी मिळाली, दुसरी म्हणते ग्रामसभांचा विरोध आहे.

साहजिकच वाचणारा गोंधळतो. ग्रामसभेला खरंच काही अधिकार आहे का? असेल तर विरोध असताना मंजुरी मिळते कशी? आणि नसेल तर इतकी गावं दर वर्षी ठराव कशासाठी घेतात?

अधिकार आहे, आणि तो भक्कम आहे. पण तो आपोआप चालत नाही. खाण यायच्या आधी, ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या समितीपुढे तो नोंदवावा लागतो. ज्या गावांनी हे वेळेत केलं त्यांचं म्हणणं फाइलीत आलं. ज्यांनी पोकलेन दारात आल्यावर सुरुवात केली, त्यांना मोर्चा आणि कोर्ट एवढंच उरलं.

सरकारी जंगलात गावाचा हक्क कुठून आला?

जंगलाची जमीन नोंदीत सरकारची, वन विभागाच्या ताब्यातली. ब्रिटिशांनी १८७८ आणि १९२७च्या वन कायद्यांनी जंगलं राखीव केली, तेव्हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क अनेक ठिकाणी नोंदवलेच गेले नाहीत. ही चूक दुरुस्त करायला २००६मध्ये वनहक्क कायदा आला. त्याची भाषा फार महत्त्वाची आहे. कायदा नवे हक्क देत नाही, आधीपासून असलेल्या हक्कांना मान्यता देतो. वडील गेल्यावर शेतीतला मुलाचा हक्क त्याच दिवशी तयार होतो, पण वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत त्याला ना पीककर्ज मिळतं ना भूसंपादनाची नोटीस. गावाचा जंगलावरचा हक्कही असाच आहे. तो आजही आहे, पण नोंद नसेल तर टेबलामागचा माणूस तो बघत नाही.

या कायद्यात हक्कांचे मुख्य प्रकार तीन. पहिला वैयक्तिक, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा. दुसरा सामूहिक वापराचा: गुरं चारणं, मोहफूल, तेंदूपत्ता, डिंक, चारोळी, बांबू गोळा करणं. तिसरा सगळ्यात मोठा. गाव परंपरेनं जे जंगल वापरत आणि राखत आलं, त्या पूर्ण क्षेत्राचं संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हा हक्क. त्याला सामूहिक वनसंसाधन हक्क म्हणतात, इथून पुढे फक्त ‘सामूहिक हक्क’ म्हणू. खाणीच्या प्रश्नात निर्णायक असतो तो हाच. वापराच्या हक्कावर ‘मोहफूल दुसरीकडून गोळा करा’ असं उत्तर देता येतं. संरक्षणाच्या हक्काला तसं उत्तर नाही, कारण तो त्याच जंगलाला बांधलेला असतो.

याच कायद्याचं कलम ५ वाचलेली माणसं फार कमी भेटतात. जंगल, वन्यजीव आणि जैवविविधतेला बाधा आणणारी कृती थांबवण्याचा, आणि आपला सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा विध्वंसक कृतींपासून राखण्याचा अधिकार हे कलम ग्रामसभेला देतं. ठरावात त्याचा उल्लेख हवाच.

खाणपट्टा मिळाला म्हणजे जंगल तोडायची मुभा मिळाली का?

नाही. इथे बहुतेकांची गल्लत होते. जमिनीखालचं खनिज काढण्याचा पट्टा ही एक गोष्ट. वनजमीन जंगलाऐवजी दुसऱ्या कामाला वापरण्याची परवानगी, म्हणजे वनजमिनीचं वळतीकरण, ही दुसरी. ती १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्र सरकारकडून घ्यावी लागते. तिसरी पर्यावरण मंजुरी. ती २००६च्या अधिसूचनेप्रमाणे मिळते आणि तिच्या वाटेवर जनसुनावणी असते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाचा संबंध असेल तर वन्यजीव मंडळाची चौथी परवानगी लागते.

वळतीकरणाचे दोन टप्पे असतात. प्रकल्पवाला केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर अर्ज करतो, तो उपवनसंरक्षकाकडे जागेच्या पाहणीला येतो, राज्यामार्फत केंद्राकडे जातो आणि वन सल्लागार समिती त्यावर शिफारस करते. मग मिळते ती तत्त्वतः मंजुरी, अटींसह. अटी पुऱ्या झाल्या की अंतिम मंजुरी, आणि त्यानंतर राज्याचा आदेश. बातमीत ‘मंजुरी’ एवढाच शब्द असतो, त्यामुळे तत्त्वतः मंजुरी आली की गावाला वाटतं सगळं संपलं. ते संपलेलं नसतं.

नियमगिरीत नेमकं काय झालं?

ओडिशातल्या रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरी डोंगररांग आहे. तिथले डोंगरिया कोंध आदिवासी तिला आपला देव नियमराजाचं स्थान मानतात. डोंगरमाथ्यावर बॉक्साइट आहे आणि पायथ्याला लांजीगडमध्ये वेदान्त कंपनीचा ॲल्युमिना कारखाना. कारखाना आधी उभा राहिला, खाणीची परवानगी नंतर मागितली गेली. २०१०मध्ये केंद्रानं वळतीकरण नाकारलं, तेव्हा राज्याचं खनिज महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं.

१८ एप्रिल २०१३च्या निकालात न्यायालयानं खाण रद्द केली नाही. लोकांचे वैयक्तिक, सामूहिक, सांस्कृतिक आणि धार्मिक हक्क काय आहेत आणि खाणीनं त्यांना धक्का लागतो का, हे ग्रामसभांनी ठरवावं आणि ते लक्षात घेऊन केंद्रानं निर्णय द्यावा, असं सांगितलं. सभांना जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून बसला. राज्य सरकारनं शंभराहून अधिक गावांतून फक्त १२ निवडली, आणि त्यावर लोकांनी हरकत घेतली होती. जुलै-ऑगस्ट २०१३मध्ये या बाराही ग्रामसभांनी एकमुखानं नकार दिला. जानेवारी २०१४मध्ये केंद्रानं प्रस्ताव फेटाळला. नव्यानं ग्रामसभा घ्याव्यात ही राज्याची मागणी २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऐकली नाही.

या निकालाचा आधार घेताना एक काळजी घ्यावी. ‘आम्हाला खाण नको’ एवढ्यावर नियमगिरी टिकली नाही. कुठल्या डोंगरावर कोणता देव, कुठल्या झऱ्याचं पाणी कोणत्या पाड्याला, कुठल्या उतारावर कोणाची शेती, हे सभांमध्ये बोललं गेलं आणि लिहिलं गेलं. नकाराला हक्काचा पाया होता.

दावा कसा करायचा आणि तो कुठे अडकतो?

सामूहिक हक्काच्या दाव्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. तो ग्रामसभा करते, कोणी एक माणूस किंवा संस्था नाही. आधी ग्रामसभा आपल्यातून वनहक्क समिती निवडते. तिच्यात १० ते १५ सदस्य, दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक तृतीयांश महिला. अनुसूचित जमातीची वस्ती नसेल तर निदान एक तृतीयांश महिला असल्या की पुरतं.

मग नकाशा. इथे घाई झाली की पुढे सगळं लंगडतं. गावाच्या परंपरागत हद्दीवरून, म्हणजे शिवेवरून, प्रत्यक्ष चालत जावं लागतं. त्यासाठी फेब्रुवारी बरा. पानगळीनं जंगल उघडं झालेलं असतं आणि मोहफुलं पडायला लागलेली नसतात. एकदा मोह सुरू झाला आणि त्यामागून तेंदू, की जूनपर्यंत माणसं हाती लागत नाहीत. सोबत गुरं राखणारा एक जण हवाच, कारण नाले-ओहोळांची नावं त्यालाच ठाऊक असतात. जंगलातून कंदमुळं, भाज्या, सरपण आणणाऱ्या दोन-तीन बाया हव्यात, कारण कुठल्या भागात काय मिळतं हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. आणि शेजारच्या गावाची माणसं हवीत. हद्दीचा वाद असेल तर दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून तो सोडवायचा, असं नियमच सांगतो. शेजारच्या गावानं सहीनिशी मान्य केलेली शीव हा दाव्यातला फार पक्का कागद ठरतो.

चालताना प्रत्येक वळणावर मोबाइलवरच्या जीपीएस ॲपनं बिंदू घ्यायचा आणि वहीत त्यापुढे लिहायचं: ‘बिंदू ७, नाल्याचा दुभंग, डाव्या हाताला जुना मोह, इथून पलीकडे अमुक गाव.’ नुसते आकडे वर्षानं कोणालाच कळत नाहीत. त्या हद्दीत वन विभागाचे कोणते कक्ष, म्हणजे जंगलाचे क्रमांक दिलेले तुकडे, येतात ते क्रमांक वनरक्षकाकडून किंवा विभागाच्या नकाशावरून उतरवून घ्यायचे. खाणीचा प्रस्ताव कक्ष क्रमांकावरच असतो. दाव्यात ते नसतील तर दावा आणि प्रस्ताव एकाच जंगलाबद्दल आहेत हे सिद्ध करायलाच महिने जातात.

पुरावे किमान दोन प्रकारचे लागतात. विदर्भात निस्तारपत्रक हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. गावाला कुठल्या जंगलातून काय घेता येईल याची ती जुनी सरकारी नोंद असते आणि तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात सापडते. गॅझेटियर, जुने नकाशे, जनगणनेच्या नोंदी हेही चालतात. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, देवराई, मसणवट, जुन्या विहिरी, सोडून दिलेल्या वस्तीच्या खुणा हे सगळे नियमांत मान्य पुरावे आहेत. उपग्रहाचं चित्र पूरक म्हणून वापरता येतं. ‘उपग्रहात दिसत नाही’ एवढ्या कारणानं दावा फेटाळता येत नाही.

पडताळणीच्या दिवशी वन आणि महसूल विभागाला लेखी कळवायचं, पोच घ्यायची. कोणी आलं नाही तरी काम थांबवायचं नाही. ‘आम्ही हजर नव्हतो’ अशी हरकत नंतर विभागानं घेतली तर दावा एकदा फेरपडताळणीला परत येतो. तेव्हाही ते आले नाहीत, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम असतो. म्हणून पत्राची पोच पत्राइतकीच महत्त्वाची.

ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे, तिथून कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ही समिती हक्कपत्र देते. हक्कपत्र आलं की ढोल वाजतात आणि ते फ्रेम होऊन भिंतीवर जातं. त्याआधी ते वाचायला हवं. हक्क ग्रामसभेच्या नावावर आहे की ग्रामपंचायतीच्या, की वन विभागाच्या वन व्यवस्थापन समितीच्या? क्षेत्र दाव्याइतकंच आहे की कमी? कक्ष क्रमांक आणि नकाशा सोबत आहेत का? कायद्यात नसलेल्या अटी घुसवल्यात का? अशी सदोष हक्कपत्रं खूप आहेत. क्षेत्र कापलं असेल तर कारण लेखी मागायचं आणि मुदत संपायच्या आत वरच्या समितीकडे जायचं. बऱ्याचदा कापला जातो तो नेमका डोंगरमाथा, आणि खनिज असतं तिथेच.

आपल्या गावाला हक्कपत्रच नसेल तर विचारायचा एक प्रश्न आहे. २०१२च्या सुधारित नियमांप्रमाणे वननिवासी असलेल्या प्रत्येक गावाला सामूहिक हक्क मिळतील हे पाहणं जिल्हास्तरीय समितीचं काम आहे, आणि एखाद्या गावाला तो दिला नसेल तर समितीच्या सचिवानं कारण नोंदवायचं आहे. ते कारण माहिती अधिकारात मागा. पुष्कळ वेळा नोंदच नसते, आणि ती नाही हे लेखी मिळणंसुद्धा पुढे उपयोगी पडतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांचा हक्क मिळवला, देशात अगदी सुरुवातीला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा अनेकांना माहीत आहे. तिच्यामागे वर्षानुवर्षं चाललेला अभ्यासगट, आणि निर्णय बहुमतानं न घेता सर्वसहमतीनं घ्यायची शिस्त आहे. बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा अधिकार मिळवायला त्यांना आणखी दोन वर्षं झगडावं लागलं. २०११मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत तो मिळाला.

ठराव का टिकत नाहीत?

बहुतेक ठराव मजकुरामुळे पडत नाहीत. ते पडतात उपस्थितीमुळे. ग्रामपंचायत कायद्याखालच्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा पुरतो. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब करून पुन्हा तितक्याच लोकांत घ्यायची सवय सगळ्या गावांना आहे. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेला हे चालत नाही. तिथे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. पाड्यावर १८० प्रौढ असतील तर ९० माणसं हवीत आणि त्यांत निदान ३० बाया. त्यातही सभा पाड्याची की सगळ्या ग्रामपंचायतीची, हा प्रश्न आहेच. पाच गावांची एकच सभा पंचायतीच्या कार्यालयात घेतली, तर ज्या पाड्याचं जंगल जाणार आहे तो अल्पमतात जातो. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा लागू असलेल्या क्षेत्रात पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा घोषित करून घेता येते. ते आधीच करून ठेवावं.

ठरावाचा मजकूर साधा असावा. असा: ‘आज दि. … रोजी … पाड्याच्या ग्रामसभेत एकूण १८० पैकी ११२ सदस्य, त्यांत ५१ महिला, उपस्थित होते. कक्ष क्र. … मधील … हेक्टर जंगल आमच्या सामूहिक हक्काच्या क्षेत्रात येते. त्यात देवस्थान, दोन झरे, तेंदूची … खळी आणि गुरांची वाट आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) व कलम ५ प्रमाणे या क्षेत्राचे संरक्षण करण्याचा आमचा हक्क आहे. त्याची मान्यता व पडताळणी पूर्ण झालेली नाही. सबब सदर क्षेत्र खाणीसाठी वळते करण्यास ही ग्रामसभा संमती देत नाही.’ खाली सूचक, अनुमोदक, आणि प्रत्येकाची सही किंवा अंगठा नावासमोर. सह्यांचं कोरं पान आधी फिरवून ठेवायचं नाही. मागाहून त्याच पानावर संमतीचा ठराव चिकटवल्याच्या तक्रारी अनेक राज्यांत झाल्या आहेत. सभेचं चित्रण करावं. ठरावाच्या प्रती कलेक्टर, उपवनसंरक्षक, राज्याचा आदिवासी विकास विभाग आणि केंद्राचं पर्यावरण मंत्रालय या चौघांना पाठवाव्यात. आवक क्रमांकाशिवाय प्रत पोचली असं मानू नये.

गडचिरोलीत विरोध करणाऱ्याकडे नक्षलवाद्यांचा माणूस म्हणून बघितलं जाण्याची भीती खरी आहे, आणि ती फार अन्यायाची आहे. कायद्यानं दिलेला अधिकार कायद्यानं सांगितलेल्या सभेत वापरणाऱ्या माणसाला घाबरावं लागू नये. म्हणूनच उघड घेतलेली, नोटीस दिलेली, सरकारी माणसाला बोलावलेली आणि चित्रित केलेली सभा हेच गावाचं संरक्षण आहे.

आता कायदा बदलला, मग ग्रामसभेची संमती गेली ना?

हा प्रश्न रास्त आहे. २००९मध्ये केंद्रानं परिपत्रक काढलं होतं: वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाल्याचा दाखला आणि प्रत्येक बाधित ग्रामसभेची संमती जोडल्याशिवाय वळतीकरणाचा प्रस्ताव घेऊ नका. २०१३मध्ये रस्ते, वीजवाहिन्या, पाइपलाइन यांसारख्या लांब पट्ट्याच्या प्रकल्पांना संमतीतून सूट मिळाली. खाणीला ती सूट नाही. २०२२च्या नियमांनी मोठा फरक केला. वनहक्कांची पूर्तता झाली की नाही हे पाहण्याची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीआधीच्या टप्प्यावरून काढून राज्याच्या शेवटच्या आदेशाच्या वेळेवर ढकलली. २०२३मध्ये मूळ १९८०चा कायदाच बदलला. सीमेजवळची आणि सुरक्षेशी संबंधित कामं, तसंच नोंदीत ‘वन’ नसलेली काही जमीन त्यातून वगळली. त्यावर फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला: १९९६च्या गोदावर्मन निकालातली ‘वन’ शब्दाची व्यापक व्याख्या तूर्त पाळा.

वनहक्क कायदा मात्र २००६चा तसाच आहे, आणि नियमगिरीचा निकालही कायम आहे. गेली ती केंद्राच्या टेबलावरची तपासणी. व्यवहारात हे नुकसान मोठं आहे, कारण केंद्रानं हिरवा कंदील दाखवल्यावर राज्य शेवटच्या पायरीवर ‘गावाचे हक्क राहिले’ म्हणून प्रकल्प थांबवेल ही अपेक्षा भाबडी आहे. म्हणून दावा लवकर करण्याची गरज आता दुप्पट झाली. प्रस्ताव उपवनसंरक्षकाकडे पाहणीला येतो तेव्हाच पाहणी अहवालात गावाचा दावा दिसला पाहिजे. गावातल्या एका तरुणानं महिन्यातून एकदा ‘परिवेश’वर आपला तालुका शोधावा.

बदल्यात झाडं लावतात, पैसेही येतात. मग काय हरकत?

वळतीकरणाच्या बदल्यात दुसरीकडे वनीकरण करावं लागतं. ते कुठे होतं ते पाहा. कित्येकदा दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्याच गावाच्या सामूहिक हक्काच्या जंगलात, त्या ग्रामसभेला न विचारता. साग लावला जातो. मोहाचं रोप फुलावर यायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि भरात यायला त्याहून बरीच. तोवर त्या घरचं मोहफूल कुठून येणार?

पैशाचं म्हणाल तर २०१५पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. लिलावानं दिलेल्या पट्ट्यांकडून रॉयल्टीच्या १० टक्के, जुन्या पट्ट्यांकडून ३० टक्के रक्कम तिथे जमा होते. हा पैसा जिल्ह्याचा. जंगल गेलेल्या पाड्याला त्यातलं काय मिळेल हे जिल्ह्याची समिती ठरवते. तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करणारी ग्रामसभा मात्र भाव स्वतः ठरवते, मजुरी आणि नफा गावात ठेवते, आणि पुढच्या वर्षीही पानं येतातच. रोजगाराची तुलना करायची तर खाणीच्या तीस-पन्नास वर्षांची जंगलाच्या कायमच्या उत्पन्नाशी करावी, एका वर्षाच्या पगाराशी नाही. एवढं मांडूनही एखाद्या गावानं खाणीला हो म्हटलं, तर तोही त्याचा अधिकार आहे. पण विचारलं तर पाहिजे.

आमच्याकडे आदिवासी नाहीत, वनजमीनही खासगी. मग?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं: वनहक्क कायदा इतर पारंपरिक वननिवासींनाही लागू आहे. मात्र १३ डिसेंबर २००५पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो.

दुसरा भाग सिंधुदुर्गाचा आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात डोंगरांचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. जमीन विकली की जंगल गेलं. तिथे ग्रामसभांचे ठराव झाले, पण टिकाव लागला तो दुसऱ्या वाटेनं: तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करून घेण्याच्या. अशा क्षेत्रात जमीन कोणाचीही असो, खाणीला बंदी घालता येते. पश्चिम घाटाच्या कस्तुरीरंगन समितीनं दोडामार्ग तालुका यादीतून वगळला होता. आवाज फाउंडेशन आणि वनशक्ती या संस्था उच्च न्यायालयात गेल्या. २०१३मध्ये तिथली वृक्षतोड रोखली गेली. २२ मार्च २०२४ला मुंबई उच्च न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव भ्रमणमार्गातली २५ गावं चार महिन्यांत संवेदनशील घोषित करा, असा आदेश केंद्राला दिला. दरम्यान जुलै २०२१मध्ये कळणे इथल्या खाणीचा बांध फुटून चिखलाचा लोंढा खालच्या वाड्यांत आणि बागायतीत शिरला होता, तो साऱ्या महाराष्ट्रानं पाहिला.

गोव्यात मोलेला खाण नव्हती. तिथे रेल्वे दुहेरीकरण, महामार्ग रुंदीकरण आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प भगवान महावीर अभयारण्यातून जाणार होते. २०२०मध्ये विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील, कलाकार आणि गावकऱ्यांनी पर्यावरण अहवाल ओळ न् ओळ वाचून त्यातल्या चुका सरकारपुढे मांडल्या, आणि नोव्हेंबरात चांदरला हजारो माणसं रात्री रेल्वेरुळावर उभी राहिली. ९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी रद्द केली. रुळावरच्या गर्दीचे फोटो छापून आले. कोर्टात उपयोगी पडलं ते अहवालाचं वाचन.

जनसुनावणीत काय बोलायचं?

पर्यावरण मंजुरीआधीची सुनावणी हे मतदान नसतं. तिथे गणपूर्ती नाही, हात वर करून मोजणी नाही. तिथे बोललेला मुद्दा इतिवृत्तात येणं आणि प्रकल्पवाल्यानं त्याला लेखी उत्तर देणं, एवढाच तिचा कायदेशीर अर्थ. म्हणून ‘खाण नको’ दोनशे जणांनी म्हणण्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगळे मुद्दे मांडावेत: अहवालात अमुक नाला बारमाही दाखवलेला नाही, तो आहे, वाघाची नोंद नाही, वन विभागाच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणांत आहे, ट्रक कुठल्या रस्त्यानं जाणार, त्यावर दोन शाळा आहेत.

सुनावणीची नोटीस ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळात जवळ व्हावी, चित्रित व्हावी, आणि शेवटी इतिवृत्त लोकांना वाचून दाखवावं, हे सगळं अधिसूचनेतच आहे. इतिवृत्त वाचलं जाईपर्यंत उठू नका. आपला मुद्दा राहिला असेल तर तिथेच उभं राहून नोंदवायला सांगा आणि लेखी निवेदनही द्या.

उशीर झाला असेल तर?

तत्त्वतः मंजुरी आली असेल तर अटींची यादी मिळवा आणि त्यांतली कोणती अट पुरी झालेली नाही ते शोधा. वनहक्कांच्या पूर्ततेची अट जवळजवळ नेहमी असते. गावाचा दावा प्रलंबित असताना कलेक्टरांनी ‘पूर्तता झाली’ असा दाखला दिला असेल, तर तो माहिती अधिकारात काढा. प्रलंबित दाव्याची पोच आणि हा दाखला, दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोर्टात फार बोलावं लागत नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाच्या वनहक्कात बेकायदा अडथळा आणणं हा २०१६पासून ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही पत्रात लिहा.

अंतिम मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. मुदत ३० दिवस, आणि सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. ९१व्या दिवशी न्यायाधिकरणालाही मुदत वाढवता येत नाही. दिवस मोजले जातात ते आदेश कळल्यापासून, आणि संकेतस्थळावर टाकलेला आदेश कळलेला मानला जाऊ शकतो. तेव्हा आदेशाची प्रत कधी, कुठून, कोणाच्या हाती आली ते त्याच दिवशी ग्रामसभेच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवा.